उधारीचा रकाना

रिसोड तालुक्यातलं एक गाव. पत्र्याच्या शेडात मिनी दाल मिल घरघरते आहे. शिवारात सोयाबीनची काढणी जोरात, आणि दिवाळी तोंडावर आल्यामुळे घरोघरची राखून ठेवलेली तूर इकडं येते आहे. रोलरमधून काढून तेल चोळलेली तूर ताडपत्रीवर ऊन खात पडली आहे. साल सुटली की पुन्हा मशीनमध्ये.

मिनी दाल मिलचं हे यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. गावात उद्योग उभा राहावा म्हणून विद्यापीठानं भाषणं किती केली कोण जाणे, पण हे यंत्र केलं, हे मात्र डोळ्यांसमोर दिसतं आहे.

ग्रामीण कार्यानुभवासाठी आलेल्या कृषिकन्या आपल्या सरांसोबत मिलवाल्या काकूंभोवती उभ्या आहेत. एकीनं प्रकल्प अहवाल पुढं केला आहे. वीज, मजुरी, घसारा, बँकेचं व्याज, सगळं सुवाच्य अक्षरात.

काकू बोट फिरवत वाचतात. "हे सारं बराबर हाय पोरी. पण उधारी कुठी हाय याच्यात?"

पोरी एकमेकींकडं बघतात. अहवालाच्या छापील नमुन्यात तो रकानाच नाही.

उद्योग शिकवायची सोय तशी कागदावर आहे. राज्याच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं बिगरकृषी विद्यापीठांत नवोपक्रमासाठी वेगळं मंडळ आणलं. कृषी विद्यापीठांत 2015 पासून 'स्टुडंट रेडी' हा कार्यक्रम आहे; या पोरींचा कार्यानुभवही त्यातलाच. त्याच कार्यक्रमातल्या अनुभवाधारित शिक्षणात विद्यार्थी माल तयार करून विकतात आणि नफ्यात वाटाही घेतात. मला हे उद्घाटनांच्या फितींपेक्षा मोलाचं वाटतं. फक्त तोट्यातही थोडा वाटा द्यायला हवा. त्याशिवाय काकूंचा प्रश्न कळायचा नाही.

तेवढ्यात एक बाई डोक्यावरचं गाठोडं उतरवतात. "भरडाई किती?"

"तिले इचारा," काकू अहवालवाल्या मुलीकडं बोट करतात. "आज गल्ला तिच्याकडं."

मुलगी वजन करते, भाव सांगते. बाई घासाघीस करतात. चुनी मिलला ठेवली तर भरडाई कमी करशील का, विचारतात. मुलगी घाईघाईनं आकडेमोड करते, दोन रुपये सोडते.

"पैसे सोयाबीन इकल्यावर देतो."

मुलगी सरांकडं बघते.

"माझ्याकडं काय बघतेस? मिल तुझी आहे."

ती क्षणभर थांबते, वही उलटी करते, मागचं कोरं पान उघडते आणि विचारते, "मावशी, नाव काय लिहू?"