भाकरी आणि वरण यांची सोयरीक

ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे बीदर, भालकी, औराद, बसवकल्याणकडील घरांतील नित्याचे जेवण होय. अवचित पाहुणा आला की आपण ओशाळून म्हणतो, ‘आज भाकरी-वरणच आहे.’ वस्तुतः ओशाळण्याचे काहीच कारण नाही. ते का, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

आपले स्नायू, रक्त, त्वचा, केस ही सारी मुख्यत्वे प्रथिनांची घडण आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ, आणि तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. हे मणी वीस प्रकारचे असून त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः बनविता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळावे लागतात. आपण घास गिळला की जठरातील आम्ल व पाचकरस ही माळ तोडू लागतात. स्वादुपिंडाचे रस लहान आतड्यात ते काम पुरे करतात. सुटे झालेले मणी रक्तात शिरून प्रथम यकृताकडे जातात आणि तेथून सर्व शरीरभर पोचतात. तेथे प्रत्येक पेशी आपल्या गरजेची नवी माळ ओवते.

माळ ओवताना एक जरी आवश्यक मणी कमी पडला, तरी काम तेथेच थांबते. ज्वारीत लायसीन नावाचा मणी थोडा असतो, तो तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनीन कमी, ते ज्वारी पुरविते. एकीचे उणे दुसरी भरून काढते. अशी ही सोयरीक आपल्या आजीपणजींनी शास्त्र न वाचताच जुळविली! उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, त्या दिवशीही या ताटावर शरीराचे नीट चालते.

मग दोन्हींपैकी एकच खाल्ले तर? हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेचे डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली दख्खनमधील ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा रोगाविषयी लिहिले. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, हगवण लागते, चित्त ठिकाणावर राहत नाही, अशी त्याची लक्षणे. ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाचे आधिक्य त्यास कारण असावे, असे त्यांचे मत होते. त्या मताविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण नुसत्या भाकरीवर माणूस निरोगी राहत नाही, ही गोष्ट निर्विवाद राहिली. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडे यांची जोड हवीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चरबीप्रमाणे प्रथिनांचा साठा शरीरात होत नाही. गरजेहून अधिक खाल्लेली प्रथिने जाळली जातात वा त्यांची चरबी होते, आणि त्यांतील नत्राचा युरिया बनून तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. म्हणून सणाला भरपूर मटण खाल्ले की महिन्याची बेगमी झाली, असे होत नाही. थोडे थोडे रोजच हवे. उलट, पोटभर अन्नच नसेल तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते. तेव्हा उपाशी मुलाला केवळ वाटीभर डाळ देऊन भागत नाही. सोबत भाकरीही पोटभर हवी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. गरोदरपणी व अंगावर पाजताना त्याहून अधिक. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम असतात, तर तितक्याच ज्वारीत सुमारे १० ग्रॅम. पातेल्यात पाणी वाढविले म्हणून प्रथिने वाढत नाहीत, हे उघड आहे.

शेजारच्या गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडेही तूर, मूग, उडीद शेतांत पिकतात. परंतु पैशाच्या निकडीने सारे पोते बाजारात जाते, आणि घरात उरते पातळ पाणी. त्यातही जाड वरण पुरुषांच्या ताटात, मग मुलांच्या. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या माउलीच्या वाट्याला भाकरी आणि तिखट. हाडे झिजवून घर उभे करणारीच्या शरीराची माळ मात्र अर्धवट ओवली जाते.

म्हणून गृहस्थांनो, तूर विकण्यापूर्वी वर्षाची डाळ घरी ठेवा. आणि वाढताना पहिली पळी पातेल्याच्या तळापासून ढवळून, घरच्या लक्ष्मीसाठी बाजूला काढा.