एका सर्व्हलेटचं पान दुसऱ्याच्या हाती

सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवर चालणारा, ब्राउझरची मागणी आली की पान तयार करणारा जावा प्रोग्रॅम. समजा, पावतीचं पान एक सर्व्हलेट बनवतो आणि दुसऱ्या सर्व्हलेटला तीच पावती ईमेलने पाठवायची आहे. ‘रिक्वेस्ट डिस्पॅचर’च्या ‘इन्क्लूड’ने पहिल्याला बोलावता येतं, पण त्याचा मजकूर थेट ब्राउझरकडे निघून जातो, आपल्या हाती काहीच लागत नाही.

यावर २००१ च्या सर्व्हलेट २.३ आवृत्तीने चांगली सोय केली: रिस्पॉन्स रॅपर. ब्राउझरकडे उत्तर नेणाऱ्या खऱ्या रिस्पॉन्सऐवजी हे वेष्टन पुढे करायचं आणि त्याची ‘गेटरायटर’ मेथड बदलून मजकूर मेमरीतल्या ‘स्ट्रिंगरायटर’मध्ये वळवायचा. आतला सर्व्हलेट नेहमीसारखा लिहीत राहतो. त्याच्या कोडला हात लावावा लागत नाही, म्हणूनच मला ही रचना फार देखणी वाटते.

मात्र चित्रं, पीडीएफ यांचे बाइट्स ‘गेटआउटपुटस्ट्रीम’मधून जातात. तीही मेथड बदलली नाही, तर ते रॅपरला चुकवून ब्राउझरकडे पोचतात. आणि पकडलेल्या बाइट्सचा मजकूर करताना ते ज्या एन्कोडिंगमध्ये लिहिले, तेच स्पष्ट सांगा, बहुधा यूटीएफ-८. नाहीतर पावतीवरच्या मराठी नावांचा चुराडा होतो.