जंगल कामगाराचं घर : पाडण्याआधी नोंद करा

धारणी-चिखलदऱ्याकडे कधी गेलात तर एखाद्या जुन्या कोरकू गावात जरा थांबा. मधे रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा. सागाच्या मेढी, बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत नाहीतर कवेलू. आत चूल, धान्याची कणगी आणि कोपऱ्यात कुऱ्हाड. यात बघण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. किल्ल्याला पाटी लागते, देवळाचा जीर्णोद्धार होतो. या घराला कोण विचारतो?

पण या घराचा इतिहास साधा नाही. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी इंग्रज सरकारने जंगलं आपल्या ताब्यात घेतली. रेल्वेला स्लीपर हवे होते, पुलांना आणि इमारतींना लाकूड हवं होतं. पण झाड तोडणार कोण? ओंडके ओढणार कोण? उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करणार कोण? दाट जंगलात मजूर आणायचे कुठून? म्हणून वनखात्याने ठिकठिकाणी जंगलातच वस्त्या बसवल्या. त्यांना वनग्राम म्हणत. घराला जागा आणि कसायला जमिनीचा तुकडा मिळे. त्या बदल्यात खात्याची हाक आली की कामावर जायचं. जमीन कसायची, पण ती नावावर नाही. सातबारा नाही, की विकायचा-गहाण ठेवायचा हक्क नाही.

पुढे मुंबई प्रांतात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराऐवजी कामगारांच्याच संस्थेनं कूप तोडावं, हा त्यामागचा विचार. मेळघाटात १९७३-७४ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प आला आणि नंतरच्या काळात काही गावं जंगलाबाहेर हलवली गेली. ज्यांच्या खांद्यावरून लाकूड बाहेर गेलं, त्यांच्या कष्टांची दप्तरात फारशी नोंद नाही. नोंद असलीच तर ती घरात आहे.

ती कशी वाचायची? छप्पर दर काही वर्षांनी बदलतं, भिंती दरसाल लिंपल्या जातात. पण जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून मेढ टिकते. जवळ जाऊन बघा. ती करवतीनं कापलेली आहे, की कुऱ्हाडीनं आणि वाकसानं तासलेली? बापाच्या घरची मेढ मुलाच्या घरात लावली आहे का? घरातल्या म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल.

आता मुद्द्याची गोष्ट. वनहक्क कायदा २००६ चा आणि त्याचे नियम २००८ चे. जंगल जमिनीवर राहण्याचा आणि कसण्याचा हक्क या कायद्याने मान्य होतो, वनग्रामाचं महसुली गावात रूपांतर करण्याचीही त्यात तरतूद आहे. आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. पुरावा म्हणून काय चालतं? नियम १३ मध्ये सरकारी कागदांबरोबर घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन, जुनी विहीर, स्मशान, देवस्थान आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही आहेत. म्हणजे तुमचं मोडकं घर कायद्याच्या लेखी पुरावा आहे. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात.

पुरावा नसला तर काय होतं? दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला दिला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला स्थगिती मिळाली, पण तोवर हजारो घरांची झोप उडाली होती.

घरकुल मंजूर झालं की आपण पहिल्यांदा जुनं घर पाडतो. सिमेंटचं घर जरूर बांधा, पावसात गळणाऱ्या छपराखाली कुणी राहावं असं आम्ही म्हणत नाही. पण पाडण्याआधी एक दिवस काढा. घराचे चारही बाजूंनी फोटो घ्या, मेढी आणि जोतं जवळून घ्या. लांबी-रुंदी मोजा. घर कुणी बांधलं, लाकूड कुठल्या कुपातलं, तेव्हा कामावर कोण होतं, हे दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याकडून लिहून घ्या. त्यावर अंगठा किंवा सही घ्या. वनहक्क समितीला बोलावून जागेवर पंचनामा करा. नमुना ८ चा उतारा, जुनी घरपट्टीची पावती, मजुरीचा कागद असेल तर त्याच बासनात ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. घरकुलासाठी जुन्या घराचा फोटो काढला जातोच. त्याची एक प्रत घरमालकाला द्या आणि एक गावच्या दप्तरात ठेवा. खर्च किरकोळ आहे.

आणि जमलं तर एक जुनी मेढ नव्या घरकुलाच्या ओसरीला लावा. नातवानं विचारलं, हे लाकूड कुठलं, तर सांगायला काहीतरी राहील.