‘तिकडे स्वस्त मिळतं’: एका साध्या वाक्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी बॅग उघडली जाते. बँकॉकचे टी-शर्ट, दुबईचं अत्तर, सिंगापूरची चॉकलेटं. सोबत एक वाक्य ठरलेलं: “अगं, तिकडे फार स्वस्त मिळतं!” आपण चॉकलेट खातो आणि मान डोलावतो.

पण पीएच.डी.च्या प्रवेशासाठी तयारी करणाऱ्याने इथे थांबायला हवं. कारण नेमकं याच विषयावर कोणी प्रस्ताव लिहिला, तर त्याचं शीर्षक बहुतेक असं असतं: ‘परदेशी पर्यटन करणाऱ्या भारतीय ग्राहकांच्या खरेदी वर्तनाचा अभ्यास’. मुलाखतीत समोरचे विचारतात, “नक्की काय मोजणार?” आणि उमेदवार गप्प होतो. हा विषय वाईट नाही. पण विषय म्हणजे प्रश्न नव्हे. पुढची काही वर्षं कशाला द्यायची आहेत, हे त्या एका उत्तरावर ठरतं. म्हणून आज हेच वाक्य सोलून बघू.

१. ‘स्वस्त’ म्हणजे कशापेक्षा स्वस्त?

किंमत ही नेहमी कशाशी तरी तुलना असते. ‘स्वस्त’ या शब्दात निदान तीन वेगळ्या तुलना लपलेल्या आहेत: दुकानदाराने आधी सांगितलेल्या किमतीपेक्षा स्वस्त, भारतातल्या तशाच वस्तूपेक्षा स्वस्त, किंवा आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा स्वस्त.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी मानलेले आहेत. १ बाट म्हणजे २.५० रुपये धरा. बँकॉकच्या बाजारात टी-शर्टची किंमत ४५० बाट सांगितली. घासाघीस करून तो २५० बाटला मिळाला. काका खूश, २०० बाट वाचले! आता रुपयांत बघा. दिले ६२५ रुपये. तसाच टी-शर्ट दादरला ४०० रुपयांना मिळत असेल, तर काकांनी २२५ रुपये जास्त दिले. काका खोटं बोलत नाहीत. ते पहिली तुलना करताहेत, आपण दुसरी.

हा फरक रिचर्ड थेलर यांनी १९८५ च्या लेखात नीट मांडला आहे. वस्तूपासून मिळणारं समाधान वेगळं आणि ‘सौदा’ चांगला झाल्याचं समाधान वेगळं. दुसरं समाधान मनात धरलेली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांच्यातल्या अंतरावर ठरतं. म्हणजे दुकानदाराने सुरुवातीची किंमत चढी सांगितली की समाधान वाढतं, वस्तू तीच राहते.

आता आपल्याकडची एक खास गोष्ट. भारतात पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, म्हणजे एमआरपी. तुलनेचा आकडा आपल्याला पाकिटावरच मिळतो. ज्या बाजारात असा छापील आकडा नसतो, तिथे मनात कुठली किंमत धरली जाते? समोरच्याने उच्चारलेली पहिली? इथे एक खरा, मोजता येण्यासारखा प्रश्न तयार होतो.

२. शोधण्याचा खर्च

जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये एक साधी वाटणारी गोष्ट सांगितली: कमी किंमत शोधायलाही खर्च येतो. वेळ जातो, पाय दुखतात. त्यामुळे एकाच वस्तूच्या एकाच गावात वेगवेगळ्या किमती टिकून राहू शकतात.

आमच्या इगतपुरीत हे समजवायला फळा लागत नाही. एके काळी डीसी आणि एसी विजेची हद्द इथे होती, म्हणून गाड्यांची इंजिनं बदलायची आणि प्रवासी फलाटावर उतरायचे. अशा प्रवाशाला गाव फिरून चार ठिकाणी भाव विचारता येत नाही. गाडी सुटेल. गावातल्या माणसाला मात्र वेळ आहे आणि उद्याही तिथेच यायचं आहे. दोघांची भूक सारखी, पण शोधण्याचा खर्च वेगळा.

ग्रुप टूरमधला पर्यटक हा फलाटावरच्या प्रवाशासारखाच असतो. बस पाऊण तासाने निघणार, भाषा येत नाही, दुकानदार पुन्हा भेटणार नाही. म्हणजे सिद्धांत सांगतो की या माणसाला सर्वात स्वस्त भाव मिळण्याची शक्यता कमी. तरी तोच म्हणतो ‘स्वस्त मिळालं’. सिद्धांत आणि अनुभव असे एकमेकांना अडले की समजा, संशोधनाला जागा आहे.

३. पाच डॉलर हे नेहमी पाच डॉलर नसतात

ट्वर्स्की आणि काहनेमान यांनी १९८१ मध्ये लोकांना एक कल्पित प्रसंग दिला. तुम्ही १२५ डॉलरचा कोट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घेताय. विक्रेता सांगतो, वीस मिनिटांवरच्या शाखेत कॅल्क्युलेटर १० डॉलरला आहे. जाल का? ६८ टक्के ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली: कॅल्क्युलेटर १२५ चा, तिकडे १२० ला. तेव्हा ‘हो’ म्हणणारे २९ टक्केच राहिले. दोन्हीकडे एकूण बिल तेच, बचत तीच, अंतर तेच.

या प्रयोगातून पद्धतीबद्दल काय शिकायचं? बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली. ‘पर्यटकांना सवलत आवडते का?’ असं विचारून हे कधीच सापडलं नसतं.

४. दोनशे बाट आणि दीड लाख डोंग

आता आपल्या विषयाच्या सर्वात जवळचा अभ्यास. राघुबीर आणि श्रीवास्तव यांनी २००२ मध्ये परकीय चलनाच्या दर्शनी आकड्याचा परिणाम तपासला. निष्कर्ष थोडक्यात असा: परकीय चलनात किमतीचा आकडा घरच्यापेक्षा लहान दिसत असेल तर माणूस जास्त खर्च करतो. आकडा मोठा दिसत असेल तर हात आखडता घेतो. विनिमय दर माहीत असूनही!

भारतीय पर्यटकासाठी हे लावून बघा. बाट दोन रुपयांहून जास्त, दिरहॅम वीस रुपयांहून जास्त. म्हणजे थायलंड-दुबईत सगळे आकडे लहान दिसतात. व्हिएतनाममध्ये उलट, तिथे एका रुपयाला शेकड्यांनी डोंग येतात. पुन्हा समजुतीसाठी १ रुपया म्हणजे ३०० डोंग धरा. एक टोपी बँकॉकमध्ये २०० बाट, व्हिएतनाममध्ये १,५०,००० डोंग. पहिली ऐकताना ‘फक्त दोनशे’, दुसरी ऐकताना ‘बापरे, दीड लाख!’ रुपयांत दोन्ही ५०० च.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००७ मध्ये वेर्टेनब्रोख, सोमण आणि चट्टोपाध्याय यांनी दाखवलं की माणसाच्या डोळ्यांसमोर एकूण बजेट असेल तर हा परिणाम उलटू शकतो. कारण मग तो किमतीचा आकडा बघत नाही, ‘बजेटमधून किती उरतात’ हे बघतो. मोठ्या आकड्यांच्या चलनात उरलेली रक्कमही मोठी दिसते.

तुमच्यासाठी हे सोनं आहे. दोन चांगले अभ्यास वेगळ्या दिशा दाखवतात आणि दिशा ठरवणारी अट सांगता येते, अशा ठिकाणी प्रस्तावाला पाय फुटतात. ‘या विषयावर भारतात संशोधन झालेलं नाही’ एवढंच लिहिणं म्हणजे उणीव दाखवणं नव्हे. न झालेल्या गोष्टी हजारो असतात. ‘या अटीत काय होईल हे ठरत नाही’ ही खरी उणीव.

५. मग खरंच स्वस्त काय असतं?

मन बाजूला ठेवून किमतींकडे येऊ. १९६४ मध्ये बलासा आणि सॅम्युअल्सन यांनी स्वतंत्रपणे मांडलेला तर्क असा: ज्या वस्तू जहाजात घालून नेता येतात, त्यांच्या किमती देशोदेशी जवळ येऊ पाहतात. केस कापणं, जेवण, रिक्षा अशा सेवा नेता येत नाहीत, म्हणून कमी मजुरीच्या देशात त्या स्वस्त राहतात. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेसाठी परदेशी साधक येतात. त्यांना इथली थाळी आणि केस कापणं स्वस्त वाटेल. मोबाइल मात्र तितका स्वस्त वाटणार नाही.

आता दिशा उलटी करा. आपण स्वतःच कमी मजुरीच्या देशातून निघतो, त्यामुळे मजुरीच्या फरकातून मिळणारा फायदा आपल्याला बाहेर फारसा मिळत नाही. आपला फायदा असेल तर मुख्यतः कराच्या फरकातून. सोनं हे याचं ठळक उदाहरण. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात भारताने सोन्यावरची आयात ड्युटी १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणली. जागतिक भाव १०० धरला तर ड्युटीसह ११५ होणारी किंमत १०६ झाली. म्हणजे दुबईच्या सोन्याचं आकर्षण एका दिवसात कमी व्हायला हवं. सरकारने निर्णय घेतला, पर्यटकांनी नाही, त्यामुळे आधी-नंतरची तुलना करायला हा जवळजवळ नैसर्गिक प्रयोगच आहे. फक्त त्याच काळात बदललेला जागतिक भाव आणि पर्यटकांची संख्या वेगळी काढावी लागेल, म्हणून ज्यावर ड्युटी बदलली नाही अशी दुसरी वस्तू सोबत ठेवावी.

हिशेब पूर्ण करायचा तर सगळे खर्च धरा. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय व्यवहाराला २ ते ३.५ टक्के शुल्क लागतं. थायलंडमध्ये पर्यटकांना व्हॅट परत मिळतो, पण त्याला अटी आहेत. येताना कस्टम्स आहे: २०१६ च्या बॅगेज नियमांत थायलंड, दुबईसारख्या देशांतून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या मालावर सूट होती. अशा मर्यादा बदलतात, तेव्हा अभ्यासाच्या काळात लागू असलेलाच नियम घ्या.

६. माहिती कुणाकडून आणि कशी?

सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. सहलीहून आलेल्यांना प्रश्नावली दिली तर काय मिळेल? आठवणी. आणि आठवणीत फसलेला सौदा लवकर पुसला जातो, जिंकलेला चकचकीत राहतो. शिवाय नातेवाइकांसमोर कोण म्हणेल, “मी महाग घेतलं”? म्हणून आठवणीऐवजी बिलं, कार्डाचे व्यवहार किंवा रोज रात्री भरायची छोटी नोंदवही बरी.

दुसरी अडचण निवडीची. थायलंडला जाणारे आणि व्हिएतनामला जाणारे लोक मुळातच वेगळे असू शकतात: वय, उत्पन्न, सोबतीला मुलं. त्यांच्या खर्चातला फरक चलनामुळे आहे असं थेट म्हणता येत नाही. उपाय? सहलीला निघणाऱ्यांनाच, निघण्याआधी, त्याच वस्तूंची चित्रं दाखवा. निम्म्यांना किंमत बाटमध्ये, निम्म्यांना डोंगमध्ये. कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरवा. प्रत्येक गटातल्या निम्म्या लोकांना एकूण बजेटही आधी लिहायला सांगा. झाले चार गट, आणि वरच्या दोन अभ्यासांतला वाद तपासायची सोयही झाली. सहभागींची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, नंतर नाही.

आता मूळ शीर्षकाशेजारी हे वाक्य ठेवून बघा: ‘एकूण बजेट समोर नसताना, किमतीचा आकडा लहान दिसणाऱ्या चलनात भारतीय पर्यटक जास्त खर्च करायला तयार होतात का, आणि बजेट समोर आल्यावर हा परिणाम उलटतो का?’ यात काय मोजायचं ते आहे, काय बदलायचं ते आहे, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी काहीतरी कळतं. शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, तो प्रश्न नसतो, ते मत असतं.

तुमचा विषय शेतीचा असो, रसायनांचा की बाजाराचा, प्रस्ताव लिहायला बसण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: मी काय मोजणार, कशाशी तुलना करणार, आणि कोणता निकाल आला तर माझं म्हणणं चूक ठरेल. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर शीर्षकाला हात लावू नका. आधी विषय अजून थोडा सोला.