वनस्पती उद्यान आणि स्थानिक वनस्पतींचे अध्ययन : कंदीलपुष्पाचे उदाहरण

वनस्पती उद्यानातील पाटीवर सामान्यतः शास्त्रीय नाव, कुल व प्रचलित मराठी नाव एवढीच माहिती असते. त्यावरून झाड ओळखता येते. ते मूळचे कोठले, हे मात्र कळत नाही. गुलमोहोर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतील, नीलमोहोर दक्षिण अमेरिकेतील. तथापि ही झाडे आपल्या रस्त्यांवर इतकी रुळली आहेत की ती परकी वाटतच नाहीत. ‘देशी’ हा शब्दही येथे अपुरा पडतो. देवदार भारतीय खरा, परंतु सह्याद्रीच्या दृष्टीने तो पाहुणाच होय. स्थानिकत्वाचा निकष देशाच्या सीमेपेक्षा अधिवासाशी निगडित आहे.

या दृष्टीने कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील संवर्धनकार्य अभ्यासण्याजोगे आहे. तेथे पश्चिम घाटातील दुर्मीळ व प्रदेशनिष्ठ वनस्पतींची, विशेषतः कंदीलपुष्पांची (सेरोपेजिया), जोपासना झाली असून त्यामागे प्रा. एस. आर. यादव यांचे दीर्घ संशोधन आहे. महाराष्ट्रात आढळणाऱ्या कंदीलपुष्पांपैकी अनेक जाती सह्याद्रीबाहेर कोठेही सापडत नाहीत. त्यांपैकी एका जातीस पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांच्या गौरवार्थ ‘सेरोपेजिया महाबळेई’ असे नाव देण्यात आले आहे.

कंदीलपुष्पाच्या फुलाची रचना सापळ्यासारखी असते. गंधाने आकर्षित झालेली चिमुकली माशी नळीतून खालच्या फुगीर भागात उतरते. नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला परतता येत नाही. काही काळाने केस सुकतात, तेव्हा ती परागपुंज घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलात शिरल्यास परागीभवन घडते. अर्थात, माशी नसेल तर शेंग धरणार नाही. मग माणसालाच सूक्ष्मदर्शकाखाली परागपुंज हलवावे लागतात. कीटकनाशकाची फवारणी करून अशा वनस्पतीचे ‘रक्षण’ करणे किती विसंगत आहे, हे येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मातीचेही तसेच. सेरोपेजिया जैनी ही बुटकी जाती पठारावरील उथळ मातीत वाढते. भरपूर शेणखत आणि रोजचे पाणी हा बागेचा सर्वसाधारण शिरस्ता तिच्या कंदास कुजवू शकतो. पावसाळा संपला की कंदीलपुष्पांचा जमिनीवरील भाग वाळतो व कंद सुप्तावस्थेत जातो. रोप मेले असे समजून कुंडी रिकामी करण्याची चूक याच काळात घडते.

पर्यावरणस्नेही बागकामातील खरा पेच मात्र निराळाच आहे. प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खातात. कंदीलपुष्प हे रुईच्याच कुलातील असल्याने त्या त्याच्यावरही वाढतात. फुलपाखरू सर्वत्र आढळणारे, वनस्पती मात्र मोजक्याच डोंगरांवर उरलेली. ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे तत्त्व अशा वेळी शब्दशः पाळल्यास दुर्मीळ रोपाचा हंगाम वाया जाऊ शकतो. अळी अलगद उचलून रुईच्या पानावर ठेवणे, हा फवारणीला पर्याय होय. त्यासाठी उद्यानाच्या कुंपणालगतची रुई तण म्हणून उपटून टाकलेली नसावी, एवढीच अट आहे.