दुपारच्या मुहूर्ताला मेकअप वाहतो? तेलकट, खड्डे-डाग असलेल्या चेहऱ्यासाठी प्राइमर घेताना हे बघा

लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मांडव पत्र्याचा नाहीतर कापडाचा. पंखे असतात, पण जनरेटरवर. नवरीचा मेकअप सकाळी आठला झालेला असतो आणि अक्षता पडेपर्यंत कपाळावर, नाकाच्या बाजूला तेल सुटून फाउंडेशनच्या रेघा उमटतात. वरून पावडरचा आणखी एक थर मारला जातो. त्यानं तासभर निभावतं, मग पोपडे दिसायला लागतात. अल्बममध्ये ते कायमचं राहतं.

पार्लरवाल्या ताई अशा वेळी म्हणतात, "प्राइमर लावायला पाहिजे होता." आता तालुक्याच्या जनरल स्टोअरमध्येही प्राइमरच्या ट्यूब लटकलेल्या दिसतात. ऑनलाइन मागवलं तर गावच्या चौकापर्यंत डिलिव्हरी येते. छोटी ट्यूब तीनशे रुपयांच्या आतही मिळते. पण कुठलाही प्राइमर कुठल्याही चेहऱ्याला चालत नाही. चुकीचा घेतला तर मेकअप उलट लवकर फाटतो.

प्राइमर म्हणजे भिंतीवरची लांबी

घराला रंग द्यायच्या आधी पेंटर भिंतीला लांबी-पुट्टी भरतो. खड्डे बुजतात, रंग सारखा बसतो. चेहऱ्यावर प्राइमरचं काम तेवढंच आहे. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन झाल्यावर, फाउंडेशनच्या आधी तो लावायचा. तो त्वचा बरी करत नाही, मुरूम घालवत नाही, रंध्रंही खरोखर लहान करत नाही. डब्यावर 'पोअर मिनिमायझिंग' लिहिलेलं असलं तरी रंध्रं तेवढीच राहतात, फक्त काही तास कमी दिसतात. रात्री चेहरा धुतला की सगळं पहिल्यासारखं.

हे आधी सांगायचं कारण असं की बऱ्याच मुली प्राइमरला औषध समजून रोज लावतात आणि महिन्याभरानं "फरक पडला नाही" म्हणतात.

आपली त्वचा नेमकी कशी, ते आधी ठरवा

घाम आणि तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हात सगळ्यांनाच घाम येतो. तेल येतं ते त्वचेखालच्या तैलग्रंथींतून. साध्या तपासणीला पैसे लागत नाहीत. चेहरा धुवा, पुसा, काहीही लावू नका. तासाभरानं साधा टिश्यू पेपर कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर वेगवेगळा दाबा. सगळीकडे तेलाचे ठिपके उमटले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर उमटले आणि गाल कोरडे राहिले, तर मिश्र. आपल्याकडे 'तेलकट चेहरा' म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे गाल खरं तर कोरडे निघतात. त्यांनी प्राइमर चेहराभर फासायची गरजच नाही.

त्यातही बोअरच्या जड पाण्यानं आणि अंगाच्या साबणानं दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुतलं, तर साबणाचा चिकट थर त्वचेवर राहतो. चेहरा ओढल्यासारखा होतो आणि वरून तेलही दिसतं. सौम्य फेसवॉशनं सकाळ-संध्याकाळ दोनदा धुणं पुरे.

'उंचसखल' चेहरा म्हणजेही दोन प्रकार. एक, पृष्ठभागच खडबडीत, म्हणजे मुरमांनी पडलेले खड्डे, मोठी रंध्रं. दुसरा, पृष्ठभाग गुळगुळीत पण रंग सारखा नाही, म्हणजे मुरमांचे काळे डाग, गालावर वांग, ओठांभोवती काळेपणा. पहिल्याला भरणारा प्राइमर लागतो. दुसऱ्याला भरून उपयोग नाही, तिथं रंगानं रंग मारावा लागतो. सावळ्या आणि गव्हाळ वर्णावरच्या काळपट डागांना पीच किंवा नारिंगी छटेचा करेक्टर, लालसर मुरमांना हिरवट. पांढरट-गुलाबी 'ब्राइटनिंग' प्राइमर सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखा दिसतो. दुकानात तोच आधी पुढे केला जातो, म्हणून सांगितलेलं बरं.

सिलिकॉनचा की पाण्याचा?

इथंच खरी गोम आहे. बाजारातले प्राइमर ढोबळमानानं दोन प्रकारचे.

सिलिकॉनचे प्राइमर हाताला मेणासारखे, मऊ-घसरडे लागतात. त्यात डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन असे घटक असतात. ओळखायची खूण म्हणजे नावाच्या शेवटी 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन'. खड्डे आणि रंध्रं भरण्यात हे सरस. त्यात सिलिका असेल तर ती सुटणारं तेल शोषून घेते. तेलकट आणि खड्ड्यांच्या चेहऱ्याला लग्नाच्या दिवसासाठी बहुधा हाच प्रकार कामाला येतो. सिलिकॉननं मुरूम येतातच असं नाही, डायमेथिकोन स्वतः रंध्रं बुजवणाऱ्यांत मोडत नाही. पण रात्री नीट न काढता झोपलं तर त्याखाली तेल, घाम, धूळ अडकते आणि पुळ्या येतात. दोष प्राइमरला दिला जातो.

पाण्याचे प्राइमर जेलसारखे, हलके. लेबलवर पहिलं नाव 'वॉटर' किंवा 'अ‍ॅक्वा' असतं. खड्डे फारसे भरत नाहीत, पण चेहऱ्यावर जड वाटत नाहीत. मुरूम पिकलेले असतील, रोज ऑफिस-कॉलेजला हलका मेकअप करायचा असेल, तर हे बरे. नायसिनामाइड असलेला मिळाला तर उत्तम.

लेबल इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतं. फोनचा कॅमेरा लावून झूम करा, गूगल लेन्सनं वाचून घ्या. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं बघितली तरी अंदाज येतो. त्यातच 'अल्कोहोल डेनॅट' असेल तर लावल्यावर गार-कोरडं वाटेल, पण त्वचा चुरचुरू शकते. 'ग्लो', 'ड्यूई', 'इल्युमिनेटिंग', 'हायड्रेटिंग' हे शब्द कोरड्या त्वचेसाठीचे. तेलकट चेहऱ्यानं 'मॅट', 'ऑइल कंट्रोल', 'ब्लर' असे शब्द शोधावेत. 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असलं तर चांगलंच, पण ती हमी समजू नका.

लेबल कळलंच नाही तर हात आहे. मनगटावर थोडा प्राइमर पसरा, दोन मिनिटं थांबा, वर पाण्याचा थेंब सोडा. थेंब अळूच्या पानावर थांबतो तसा थांबला तर सिलिकॉन जास्त. पसरून मुरला तर पाण्याचा.

मेकअप 'फाटतो' तो इथं

प्राइमर चांगला, फाउंडेशनही चांगलं, तरी चेहऱ्यावर खोडरबरच्या कचऱ्यासारखे गोळे सुटतात. कारण दोघांचं जमत नाही. पाण्याच्या प्राइमरवर सिलिकॉनचं फाउंडेशन किंवा उलट लावलं की थर एकमेकांवर घसरतात. विकत घेण्याआधी किंवा निदान लग्नाच्या आठवडाभर आधी तळहाताच्या मागच्या बाजूला दोन्हीचा एकेक थेंब एकत्र करा. एकजीव झाले तर ठीक. नासलेल्या दुधासारखे वेगळे झाले तर ती जोडी चेहऱ्यावर नको. पार्लरवाल्या ताई स्वतःचं फाउंडेशन वापरणार असतील तर घरून नेलेली ट्यूब आधी त्यांना दाखवा.

दुसरी तपासणी अर्ध्या चेहऱ्याची. बाजारच्या दिवशी एका गालावर प्राइमर लावून, दुसऱ्यावर न लावता दोन्हीकडे सारखा मेकअप करा आणि तीन-चार तास नेहमीसारखं उन्हात हिंडा. परत आल्यावर आरसा सांगेल ते कुठलीही जाहिरात सांगणार नाही. त्याच्या आधी कानामागे किंवा जबड्याखाली थोडा लावून दिवसभर ठेवा. खाज, लाली, आग झाली तर ती ट्यूब बाजूला.

आणि संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर फोनचा फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा. सिलिकाची पांढरी पावडर जास्त झाली किंवा सनस्क्रीनमध्ये झिंक-टायटॅनियम असेल, तर आरशात चांगला दिसणारा चेहरा फ्लॅशमध्ये पिठात बुडवल्यासारखा येतो.

लावायचा कसा

मटारच्या दाण्याएवढा. त्याहून जास्त नाही. जास्त लावला की जास्त टिकतो हा गैरसमज, जास्त लावला की गोळे सुटतात. आधी चेहरा धुऊन हलकं जेल मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. सगळ्यात जास्त घाई इथंच होते. चहा घ्या, बांगड्या भरा, पण ते मुरू द्या. मग बोटाच्या टोकानं कपाळ, नाक, हनुवटी आणि जिथं खड्डे आहेत तिथं प्राइमर थापटत दाबायचा. चोळायचा नाही. खड्ड्यावर चोळलं तर भरलेलं बाहेर येतं. मिश्र त्वचा असेल तर गाल सोडून द्या. एक-दोन मिनिटांनी फाउंडेशन, तेही पातळ.

दुपारी तेल सुटलंच तर थेट पावडर मारू नका. आधी टिश्यू पेपर दाबून तेल उचला, मग हलकी पावडर. तेलावर पावडर म्हणजे चिखल.

घरगुती उपायांबद्दल थोडं

कोरफडीचा गर पाण्याच्या प्राइमरसारखा थोडाफार चालतो. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक मात्र पूर्ण गळू द्या, गर धुऊन घ्या. तो चीक त्वचेला झोंबतो. लिंबू लावून उन्हात जाऊ नका, चट्टे उठून काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. व्हिडिओत काही जणी मिल्क ऑफ मॅग्नेशिया प्राइमर म्हणून लावताना दिसतात. ते पोट साफ करायचं औषध आहे. तेल शोषतं हे खरं, पण ते क्षारधर्मी आहे आणि त्वचेचं वरचं आवरण बिघडवतं.

लग्नाआधीचं 'गोरं करणारं' क्रीम

प्राइमरनं झाकायचं तेच लवकर घालवायचं म्हणून लग्न ठरलं की महिना-दोन महिने आधी नाइट क्रीम सुरू होतं. कुणी मेडिकलमधून ट्यूब आणतं, कुणाला पार्लरमधून बिननावाची डबी मिळते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, डाग फिके पडतात, घरात कौतुक होतं. असं झपाट्यानं झालं तर सावध व्हावं.

मेडिकलच्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लेबलवर दिसतील. काही ट्यूबमध्ये सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. काही आजारांत ही औषधं लागतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस. 2018 मध्ये केंद्रानं 14 स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचखाली आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, उन्हात आग होते, बारीक पुळ्या आणि लव वाढते. बंद केलं की सगळं दुपटीनं उसळतं, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. अशा चेहऱ्यावर कितीही महागडा प्राइमर लावा, तो चुरचुरणारच.

बिननावाच्या डबीत याहून वाईट असू शकतं, ते म्हणजे पारा. पाऱ्यानं त्वचेचा रंग बनायचा थांबतो, पण तो त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड खराब करतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं समोर आलं. तिघी एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्यात पारा निघाला. केरळातही त्याच सुमाराला असे रुग्ण आढळले. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची उत्पादनं सोडली तर पाऱ्याचा चुकून आलेला अंशही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. अशी क्रीम लावत असाल आणि पायांवर, तोंडावर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. लपवू नका, डबी बघितली तरच त्यांना दिशा मिळते.

हीच तपासणी प्राइमरच्या ट्यूबलाही लावा. उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदतीची तारीख, घटकांची यादी. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि भारतातल्या जबाबदार कंपनीचा पत्ता. यातलं काही नसेल तर जत्रेत शंभराला मिळाली म्हणून घेऊ नका. भेसळीची, बनावट मालाची शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार देता येते. त्यासाठी बिल आणि डबी जपून ठेवा.

तेलकटपणा आणि मुरमांसोबत पाळी पुढे-मागे होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तो नुसता चेहऱ्याचा प्रश्न नाही. हार्मोनची तपासणी लागते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग तज्ज्ञांना दाखवा, ते सांगतील पुढं काय ते.

रात्री काढायचा कसा

लग्नाच्या रात्री नवरी दमलेली असते, पाहुणे असतात, बाथरूमला रांग असते. तरीही साध्या पाण्यानं सिलिकॉन निघत नाही. आधी मायसेलर वॉटर किंवा क्लिन्झिंग बाम कापसावर घेऊन मेकअप सैल करायचा, मग फेसवॉश. खोबरेल तेलानं काढायची सवय असेल तर नंतर फेसवॉशनं ते तेल पूर्ण काढा, कारण मुरमांच्या चेहऱ्यावर खोबरेल राहिलं की रंध्रं बुजतात. पार्लरमध्ये मेकअप करून घेताना ब्रश आणि स्पंज धुतलेले आहेत का हेही विचारून घ्या. चार नवऱ्यांना फिरलेला स्पंज पिकलेल्या मुरमावर फिरला तर जंतूही फिरतात. विचारलं म्हणून चांगली पार्लरवाली रागावत नाही, आणि स्वतःचा पन्नास रुपयांचा स्पंज घरून नेला तर विचारायचीही वेळ येत नाही.