ग्रहणाआधीच घडलेला कान

बाळाचा एक कान शेंगदाण्याएवढाच दिसला की आईला पहिला प्रश्न ठरलेला: "ग्रहणात काही चिरलंस का?" शिकलेल्या घरांतही हाच. डॉक्टर ज्याला मायक्रोशिया म्हणतात, तो हा अपुरा कान बहुतेक पाहण्यांत दहा हजार जन्मांमागे 1 ते 4 बाळांत आढळतो. बाह्यकर्ण घडू लागतो तो गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, सहा बारीक उंचवटे एकमेकांत मिसळून. तिसरा महिना संपताना मूळ घडण झालेली असते. म्हणजे सातव्या महिन्यातल्या बाईला ग्रहणात विळीपासून लांब बसवतात, तेव्हा कान केव्हाच होऊन गेलेला असतो. "मग सुरुवातीच्या महिन्यांत ग्रहण असेल," हा पुढचा बचाव. असेलही! पृथ्वीवर दरवर्षी किमान दोन सूर्यग्रहणं होतात आणि ग्रहणांचा हंगाम साधारण पावणेसहा महिन्यांनी परततो. नऊ महिन्यांत एखादं ग्रहण कुठे ना कुठे सापडणारच. धडधाकट कानांच्या बाळांच्या बाबतीतही. फक्त त्यांच्या आयांना कुणी विचारत नाही.

"ग्रहण पाळलं तर बिघडलं काय?" बिघडतं ते हे, की दोष आईच्या माथी बसतो आणि विचारायचे प्रश्न राहून जातात. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी गरोदरपणात घेतली गेली का, आईला आधीपासून मधुमेह होता का, हे धोके सिद्ध झालेले आहेत. अर्थात बऱ्याच बाळांत नेमकं कारण सापडत नाही. ते सापडत नाही म्हणून दोष ग्रहणाकडे जात नाही.

"जन्मल्यावर लगेच कान बसवून घ्या," हा सल्लाही चुकीचा. 1959 साली शल्यचिकित्सक टॅन्झर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मुलाच्या स्वतःच्या बरगडीच्या कूर्चेतून सांगाडा कोरतात. तेवढी कूर्चा मिळायला सहा ते दहा वर्षांचं वय लागतं. कृत्रिम सांगाडा त्याआधी बसवता येतो, पण तो उघडा पडण्याची भीती असते. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीतून कानाची पाळी जोडण्याची कृती आहे, ती थोरच. अख्खा कान घडवण्याची मात्र नव्हे. आणि नवा कान बसला की ऐकू येईल, ही समजूत तर सर्वांत महागात पडते. बहुधा आतला कान शाबूत असतो, अडथळा असतो बंद कर्णनलिकेचा, आणि तो बाहेरच्या कानाच्या शस्त्रक्रियेने हटत नाही. म्हणून श्रवणचाचणी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच करायची. दोन्ही कान बंद असतील, तर हाडातून ध्वनी पोचवणारं यंत्र मऊ पट्ट्याने तान्ह्या बाळाच्या डोक्यालाही लावता येतं. त्यासाठी शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही.